तिसऱ्या घरात अठरा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर,
बर्फाच्या कारखान्यामागच्या मैदानात
साडेसात वाजलेत.
नऊला पहिली एकांकिका.
स्पीकर चढले, माइक चिकटवून झाले,
आणि रॅकमधली काळी पेटी
माझ्या लॅपटॉपला ओळख देत नाही.

केबल बदलली.
खाऱ्या हवेनं हिरवी पडलेली पिन
शर्टाच्या टोकानं घासून पुसली.
दिवा लुकलुकतोय, म्हणजे तार जिवंत आहे.
पिंग केलं की मात्र चारही वेळा तेच:
उत्तर नाही, उत्तर नाही,
उत्तर नाही,
उत्तर नाही.

ऑटोमॅटिकवर टाकून बघितलं.
पत्ता द्यायला समोर कुणीच नाही म्हणून
लॅपटॉपनं स्वतःच स्वतःला एक देऊन टाकला,
एकशे एकोणसत्तरनं सुरू होणारा.
जत्रेत चुकलेलं पोर
विचारलं की कुठल्याही गावाचं नाव सांगतं, तसा.

मागं रिसेटचं भोक आहे, सुई जाईल एवढं.
दिग्यानं सेफ्टी पिन उघडून धरलीय.
"दाबू काय?"
दहा सेकंदं दाबली की पेटी कोरी.

थांब.
आत आग्नेलचे तीन मोसम आहेत.
रेडीच्या देवळातला घुमारा त्यानं आतून काढून टाकलाय,
शिरोड्याच्या पत्र्याच्या मांडवाची शिट्टी दाबलीय,
आणि या मैदानासाठी
भरतीची गाज माइकात किती शिरते
ते दोन रात्री खुर्ची टाकून
ऐकत ऐकत उतरवलंय.
कान त्याचे होते.
माझा टेम्पो, माझी ओळखपाळख, माझं पैसे वसूल करणं.

वसूल करणं आणि वाटणं
ही दोन वेगळी कामं आहेत,
असं तो शेवटच्या दिवशी म्हणाला होता,
याच पेटीवर कोपर टेकून.
मग दोहाला गेला. हॉटेलात साउंड बघतो म्हणे.
दोन वर्षं झाली.

शून्याच्या घरात शोधलं, एकाच्या घरात शोधलं.
एकापासून दोनशे चोपन्नपर्यंत
प्रत्येक दार वाजवलं.
आठ वाजून दहा मिनिटं.
आयोजक येऊन गेले, हसले नाहीत.
दिग्याच्या हातात पिन.

फोन लावला.
चार रिंग. उचलला.
हॅलो नाही, कसा आहेस नाही.
मागं कुणीतरी अरबीत ओरडतंय.
मी म्हटलं, "पेटी गावना नाय."
तो म्हणाला,
"सबनेट बघलंस?"
"बघलंय."
"तिसऱ्या घरात अठरा घाल. चौथ्यात एक."
"अठरा? कसले अठरा?"
"हजार,"
म्हणाला,
आणि ठेवला.

चाळीस खुर्च्या भरल्या होत्या.
होडीवरून कुणीतरी दिग्याला हाक मारत होतं.
मी नुसता पडद्याकडे बघत बसलो.

नियम साधा आहे, कुणालाही शिकवता येईल:
पेटीशी बोलायचं तर
आपला पत्ता तिच्याच वाडीतला लागतो.
मास्क तीनदा दोनशे पंचावन्न, मग शून्य.
शेवटचा आकडा वेगळा चालतो,
तिसरा मात्र तोच.
म्हणून माझ्या हातानं, माझ्या नावापुढं,
मी अठरा लिहिले.
ओके दाबलं.

उत्तर आलं. एका मिलिसेकंदाच्या आत.

यादी उघडली, सगळं जागच्या जागी:
रेडी, शिरोडा, चर्चचं पटांगण,
आणि खाली 'बंदर, समुद्र वजा'.
ते लावलं.
कर्ण्यातून गाज गेली.
समुद्र होता तिथंच होता,
फक्त बोलणाऱ्याच्या मधे येईनासा झाला.

नऊ वाजून सात मिनिटांनी
उभादांड्याची एक मुलगी अंधारात पहिलं वाक्य बोलली
आणि अर्धं विसरली.
तिचा गिळलेला श्वास
मागच्या जाळ्यांपर्यंत स्वच्छ ऐकू गेला.

दिग्या म्हणाला, पत्ता बदलून सोपा ठेवूया,
पुढच्या वेळी घोळ नको.
नको म्हटलं, राहू दे.
सोमवारी बँक उघडली की बघू.